औषधाला दाद न देणारी बाई, की बाईला दाद न देणारी व्यवस्था?

सरकारी रुग्णालयातल्या केसपेपरवर डॉक्टर कधीकधी एक वाक्य लिहितात. ते इंग्रजीत असतं, त्यामुळे जिच्याबद्दल लिहिलेलं असतं तिला ते वाचता येत नाही. मराठीत त्याचा अर्थ असा : 'ही रुग्ण नेहमीच्या उपचारांना दाद देत नाही.' दिसायला हे वैद्यकीय निदान आहे. पण मी सहा वर्षं अशा एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं आणि आता वस्त्यांमधून बायकांच्या गटांबरोबर काम करते. माझा अनुभव असा, की बाईच्या बाबतीत हे वाक्य निदान राहत नाही, तो निकाल होतो. औषध बरोबर, डॉक्टर बरोबर, यंत्रणा बरोबर. चुकली ती बाई! या निकालाविरुद्ध मला बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी आपल्या शिबिरांमध्ये सहसा न निघणारा एक आजार निवडला आहे : थायरॉइडचा अतिरेक.

मैत्रिणींनो, थायरॉइड म्हटलं की आपल्याला वजन वाढणं आठवतं. हा त्याच्या उलट आजार. गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त संप्रेरक तयार करते आणि सगळं शरीर रात्रंदिवस धावायला लागतं. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, झोप नाही, खाऊनही वजन उतरत जातं, पाळी अनियमित होते, चिडचिड होते, रडू येतं. काहींचे डोळे पुढे येतात, गळा सुजतो. याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ग्रेव्ह्‌ज नावाचा आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला सतत चाबूक मारत राहते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार पाच ते दहा पट जास्त होतो, आणि तोही बहुतेक वेळा ऐन कामाच्या, मुलंबाळं वाढवण्याच्या वयात.

रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या डब्लिनच्या डॉक्टरने १८३५ साली हा आजार नोंदवला तेव्हा त्याच्यापुढे बायकाच होत्या. त्यातल्या वीस वर्षांच्या एका तरुणीची लक्षणं आधी 'हिस्टेरिया' समजली गेली होती, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे या आजाराच्या पहिल्या नोंदीतच बाईच्या धडधडीला मनाचा खेळ ठरवलं गेलं होतं. त्याला आता १९० वर्षं होत आली. आमच्या वस्तीत आजही तेच ऐकू येतं : 'टेन्शन घेते', 'अंगात आलंय', 'बाहेरचं आहे', 'सासरी नांदायचं नाही म्हणून सोंग करते'. डोळे मोठे झालेली, रात्रभर जागी राहणारी, अंगाची लाही होते म्हणून थंडीत पदर टाकून बसणारी बाई देवऋष्याकडे आधी पोचते आणि रक्ततपासणीकडे नंतर. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला. पण बाईच्या गळ्याला हात लावून बघण्याची सवय कायद्याने लागत नाही.

आता 'दाद देत नाही' या वाक्याकडे येऊ. आपल्याकडे पहिला उपचार म्हणजे कार्बिमाझोलच्या गोळ्या, आणि सोबत धडधड आवरायला प्रोप्रॅनोलॉल. कार्बिमाझोल नवं संप्रेरक तयार होऊ देत नाही. पण ग्रंथीत आधीच कित्येक आठवड्यांचा साठा असतो, तो संपेपर्यंत फरक दिसत नाही. त्यामुळे पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणजे औषध फसलं, असं म्हणताच येत नाही. साधारण बारा ते अठरा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या थांबवल्यावर जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये आजार परततो. म्हणजे हा मुळातच लांब पल्ल्याचा आणि चिवट आजार आहे. तो परतला यात बाईचा गुन्हा काय?

दुसरं, तपासणी कोणती केली? बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडते म्हणून एकट्या टीएसएचची तपासणी करतात. उपचारांनी रक्तातलं संप्रेरक ताळ्यावर आल्यावरही टीएसएच कित्येक आठवडे, कधी काही महिने दबलेलंच राहतं. टी-थ्री आणि टी-फोर न बघता नुसत्या टीएसएचवर 'दाद नाही' असा शिक्का मारणं म्हणजे अर्धाच पेपर तपासून नापास करणं. केस गळतात म्हणून बाई औषधाच्या दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणून खात असेल, तर काही प्रकारच्या तपासण्यांत आजार नसतानाही तो असल्याचा आकडा येऊ शकतो. हे तिला कोणी विचारतं का?

तिसरं, निदान कोणतं? बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात ग्रंथीला सूज येऊन साठलेलं संप्रेरक रक्तात गळू शकतं. लक्षणं तीच, आकडेही तसेच. पण इथे ग्रंथी जास्त काम करतच नसते, त्यामुळे कार्बिमाझोलचा उपयोग होत नाही. काही काळ धडधडीचं औषध आणि नियमित तपासणी एवढंच लागतं. अशा बाळंतिणीला कार्बिमाझोल देत राहायचं आणि वर 'दाद देत नाही' म्हणायचं, यात दाद कोणी द्यायला हवी होती?

आणि चौथं, सगळ्यांच्या आवडीचं कारण : 'बाई गोळ्याच खात नाही.' हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. गोळ्या न घेणं हे आजार आटोक्यात न येण्याचं मोठं कारण आहे आणि कोणत्याही चांगल्या डॉक्टरने ते आधी तपासायलाच हवं. माझं भांडण पुढच्या प्रश्नाशी आहे, जो विचारलाच जात नाही : का खात नाही?

बांधकामावर काम करणारी एक बाई आमच्याकडे यायची. तिला पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळायच्या. दर पंधरवड्याला एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन बस बदलून यायचं, रांगेत उभं राहायचं, आणि खिडकीवर कळायचं की या वेळी गोळ्या आलेल्या नाहीत, बाहेरून घ्या. बाहेरच्या गोळ्यांचे पैसे नवऱ्याकडे मागायचे. तो म्हणायचा, 'हिंडते-फिरते, काम करते, आजारी कुठंय?' मग दिवसाच्या तीन गोळ्यांची एक गोळी व्हायची, म्हणजे पाकीट महिनाभर पुरायचं. हा हिशेब तिने माझ्यापुढे बोटांवर करून दाखवला होता. काटकसरीचं जे शिक्षण आपण मुलींना जन्मापासून देतो, तेच तिने औषधाला लावलं. कार्बिमाझोल हे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं औषध आहे. ते खिडकीवर नसणं हा 'रुग्णाचा असहकार' कसा होतो, हे मला समाजकार्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवलं नाही आणि नोकरीतही कोणी सांगू शकलं नाही.

दुसरी एक मुलगी लग्नाआधीपासून गोळ्या घेत होती. माहेरच्यांनी सासरी आजार लपवला. पाकीट तांदळाच्या डब्यात. ज्या दिवशी सासूबाई घरी, त्या दिवशी गोळी नाही. तिची भीती खोटी नव्हती. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, आणि चिडचिड, रडणं, झोप न येणं यांची यादी करून बायकोला 'वेडी' ठरवणारे वकिली कागद आपल्यापैकी अनेकींनी पाहिले आहेत. गळ्यातल्या ग्रंथीचा आजार रक्ताच्या एका तपासणीने सिद्ध होतो. पण ती तपासणी करायची तर आजार उघड करावा लागतो, आणि उघड केला तर नांदणं धोक्यात. या कोंडीला कोणत्या डॉक्टरी पुस्तकात नाव आहे?

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की बाईवर आरोप करण्याआधी तो तपासा. तपासायची रीत सोपी आहे. तिला वॉर्डात भरती करा, सिस्टरसमोर गोळ्या द्या, ठराविक दिवसांनी टी-थ्री, टी-फोर बघा. आकडे उतरले तर औषध चालतं आहे, घरची परिस्थिती बघा. नाही उतरले तर आजार खरोखर हट्टी आहे, आणि मग पुढचे उपचार ताबडतोब सुरू करा. अशा बाया असतात. ग्रंथी खूप मोठी असते, तिला चेतवणारी प्रतिपिंडं रक्तात फार असतात, आणि भरपूर मात्रेलाही ती जुमानत नाही.

अशाच एका बाईबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण 'दाद देत नाही' याचा खरा अर्थ मला तिच्यामुळे कळला. ती भाजी विकायची, हाक देऊन. वॉर्डात तीन आठवडे सिस्टरसमोर तिने मोठ्या मात्रेत गोळ्या घेतल्या. संप्रेरक जेमतेम हललं. नाडी एकशेतीसच्या खाली येईना. तोवर तिला दोन वर्षं 'गोळ्या फेकते' असं ऐकवलं गेलं होतं. तीन आठवड्यांनी ती खोटारडी नसल्याचं सिद्ध झालं, पण तिला तसं सांगायला कोणी तिच्या खाटेपाशी गेलं नाही.

अशा वेळी डॉक्टरांच्या हातात काही नसतं असं नाही. कोलेस्टिरॅमिन नावाची पूड आतड्यात संप्रेरकाला धरून शरीराबाहेर नेते. स्टेरॉइड टी-फोरचं टी-थ्रीत होणारं रूपांतर कमी करतं. लिथियम ग्रंथीतून संप्रेरक बाहेर पडू देत नाही. मात्र त्याची रक्तातली पातळी सतत मोजावी लागते. लुगॉलचं आयोडीन काही दिवस ग्रंथीला गप्प बसवतं. फारच बिकट अवस्थेत रक्तद्रव बदलण्याचीही सोय असते. ही सगळी औषधं मोठ्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायची. आणि हे सगळं तात्पुरतं. त्याचा हेतू एवढाच, की बाईला कायमच्या उपचारापर्यंत सुखरूप पोचवायचं. कायमचे उपचार दोन : ग्रंथी शस्त्रक्रियेने काढणं, किंवा किरणोत्सारी आयोडीनने ती निकामी करणं. दोन्हींनंतर बहुतेक सर्वांना जन्मभर थायरॉक्सिनची रोजची गोळी लागते, पण ती साधी आणि स्वस्त आहे.

या भाजीवालीची ग्रंथी मोठी होती, डोळ्यांनाही त्रास होता. डोळ्यांचा आजार जोरात असताना किरणोत्सारी आयोडीनने तो वाढू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. लुगॉलचे थेंब सुरू झाले. या थेंबांची एक अट असते : त्यांचा परिणाम साधारण दहा दिवस टिकतो, मग ग्रंथी पुन्हा उसळू शकते. म्हणून तारीख आधी, थेंब नंतर. नवव्या दिवशी तिला शस्त्रक्रियेसाठी न्यायचं होतं. आणि नवव्या दिवशी सकाळी कळलं की नवऱ्याची सही नाही, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. नवरा कुठे होता? उसाच्या तोडीवर, दुसऱ्या जिल्ह्यात, फोन लागत नव्हता.

मैत्रिणींनो, इथे थांबून विचार करा. याच राज्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ साली उघड झालं. तिथे घाई कोणाला होती आणि गरज किती होती, यावर आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. जिथे अवयव काढण्याची गरज नव्हती तिथे कोणी थांबलं नाही. जिथे अवयव काढल्याशिवाय बाई जगणार नव्हती, तिथे नवऱ्याच्या सहीसाठी सगळे थांबले! दोन्हीकडे एकच गोष्ट समान आहे : बाईचं शरीर तिचं नाही.

आणि नवऱ्याच्या सहीची ही अट कायद्यात नाही. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केलं. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन शस्त्रक्रिया केली होती. न्यायालयाने सांगितलं, की रुग्ण सज्ञान असताना आईची संमती चालत नाही. आई चालत नाही, तर नवरा कसा चालेल? आमच्या गटातल्या तिघीजणी हा निकाल घेऊन अधीक्षकांकडे गेल्या. दोन दिवस वाद झाला. बाराव्या दिवशी तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली. आज ती पुन्हा हाक देऊन भाजी विकते. आवाज जाईल का, हा तिने शस्त्रक्रियेआधी विचारलेला एकमेव प्रश्न होता. आवाजाची नस ग्रंथीला चिकटून जाते, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर होता. पण सर्जनने 'तुला काय गाणं म्हणायचंय?' असं म्हणून तो उडवून लावला होता. जिचं पोट आवाजावर चालतं तिला हे उत्तर!

ते तीन दिवस जास्त गेले, त्यात काय होऊ शकलं असतं? अनावर थायरॉइडचं वादळ उठतं : प्रचंड ताप, बेभान अवस्था, हृदय निकामी होणं. जपानसारख्या देशात, उत्तम सोयी असूनही, या वादळात सापडलेल्या दहांमधला एक रुग्ण दगावतो असं तिथल्या पाहणीत दिसलं आहे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी काय होत असेल, याची कल्पना करा.

किरणोत्सारी आयोडीनचीही अशीच कथा. हे औषध माणसांवर १९४१ सालापासून वापरात आहे. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. हे आयोडीन ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत, सरकारी पैशातून तयार होतं. तरी नंदुरबार-गडचिरोलीच्या बाईला त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं. पण अंतरापेक्षा मोठा अडसर म्हणजे 'आधी मूल होऊ दे' आणि 'ते घेतलं तर वांझ होशील'. खरं काय आहे? गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना हे औषध अजिबात देत नाहीत. घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. त्यानंतर संप्रेरकं ताळ्यावर असतील तर मूल होऊ शकतं. उलट आजार न आवरता गरोदर राहणं आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचं. पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलने बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून त्या काळात गोळी बदलतात. ही माहिती बाईला न देता तिचा निर्णय घरच्यांच्या बैठकीत होतो. मुलीच्या गळ्यावर व्रण नको, कारण लग्न जमणार नाही. बायकोला आयोडीन नको, कारण वारस हवा. तिच्या हृदयाचे ठोके कोणाच्याच हिशेबात नाहीत.

काही जणी म्हणतील, हा डॉक्टरांचा विषय, आपण यात कशाला? गर्भलिंगनिदानाच्या वेळीही हेच म्हटलं गेलं होतं. तरी चळवळ मागे लागली, आणि १९८८ साली देशात पहिल्यांदा महाराष्ट्रात कायदा झाला. टोचून द्यायच्या गर्भनिरोधकांविरुद्ध स्त्री-संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आरोग्याचं राजकारण आपल्याला नवं नाही. पण आपल्या आरोग्य शिबिरांचा नकाशा अजून बेंबीच्या खालीच राहिला आहे. सरकारला बाई म्हणजे गर्भाशय वाटते, म्हणून आपण त्याच्याशी भांडतो. मग बाईचा गळा, तिचं हृदय, तिची झोप हेही आपल्या भांडणात आलं पाहिजे.

म्हणून मागण्या अशा. ग्रामीण रुग्णालयात कार्बिमाझोल आणि थायरॉक्सिन पूर्ण महिन्याचं, खंड न पडता मिळालं पाहिजे. नुसतं टीएसएच नव्हे, तर टी-थ्री, टी-फोरची तपासणीही मोफत झाली पाहिजे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ही भरती होऊन करायच्या उपचारांभोवती बांधलेली आहे; बाह्यरुग्ण म्हणून वर्षानुवर्षं घ्यायच्या औषध-तपासणीचा खर्चही तिच्यात आला पाहिजे. 'दाद देत नाही' असं लिहिण्याआधी भरती करून, समोर गोळ्या देऊन खात्री केली पाहिजे, आणि कारण बाईला तिच्या भाषेत सांगितलं पाहिजे. नवऱ्याच्या सहीसाठी कोणत्याही सज्ञान बाईची शस्त्रक्रिया अडवली जाता कामा नये.

आणि गटांनी स्वतः करायचं ते असं. गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक बाईला सांगा : ताप आला आणि घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्यायची. हजारात दोन ते पाच जणींच्या पांढऱ्या पेशी या गोळ्यांनी धोकादायक उतरतात, आणि तेही बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. कावीळ दिसली तरी तसंच. एरवी मनाने गोळी बंद करायची नाही. पाळी चुकली तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. घरचे उपचाराचे पैसे अडवत असतील, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काढा. आरोग्य धोक्यात आणणं आणि आर्थिक कोंडी करणं या दोन्ही गोष्टी त्यात हिंसाच आहेत.

पुढच्या मासिक बैठकीला आपापल्या वस्तीतल्या ज्या बायांना 'टेन्शन', 'अंगात येणं' किंवा 'गोळ्या खात नाही' असं म्हणून गप्प केलं आहे, त्यांचे केसपेपर घेऊन या. आपण ते एकत्र बसून वाचू, त्यातल्या इंग्रजी वाक्यांचं मराठी करू, आणि ते मराठी घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात जाऊ. दाद मागायची असते ती तिथे.